पॅरिसचा नियम आणि पाटलांची रास

"इंजिनाच्या पोटात किती हवा मावावी यावर चाललेलं भांडण ऐकायला तू सातारा सोडून अंबरनाथला जाणार?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे हायस्कुलात संस्कृत शिकवतात आणि पेट्रोलच्या वासानं त्यांचं डोकं उठतं. मी म्हटलं, "तुमचे शास्त्री एका श्लोकावरून दुपारभर हमरीतुमरीवर येतात, तेव्हा मी काही म्हणते का?" त्यावर त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं आणि मी ट्रंक भरायला घेतली. परत आल्यापासून शेजारणी विचारताहेत, काय पाहिलंस, काय खाल्लंस आणि त्या मोटारीचं काय झालं? एकीला सांगून संपलं की दुसरीला पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं, एकदाच लिहून काढावं.

लोकांना सांगण्याजोगं कारण माझ्याकडं होतंच. धाकटा भाऊ दत्तू अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर आहे. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं त्याच्या जेवणाचे हाल. पण खरं कारण मोटारच. आमच्या वडलांची सातारा-वाई उतारूंची सर्व्हिस मोटार होती. मी आणि दत्तू त्या मोटारीखाली लोळतच मोठे झालो. मला मोटार हाकता येते आणि इंजिन कुठं दुखतंय ते आवाजावरून कळतं. सासरी हे गुण फारसे कामाला आले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता भांडण काय ते सांगते, म्हणजे पुढं अडायला नको. जगातल्या सगळ्यात वरच्या मोटार-शर्यतींचे नियम पॅरिसमध्ये बसलेली मंडळी करतात. आजवर त्या शर्यतींत साडेचार लिटरपर्यंतचं इंजिन चालत असे. लिटर म्हणजे इंजिनाच्या नळ्यांमधली जागा. जितकी जागा मोठी तितकं इंजिन दांडगं. आता या मंडळींनी ठरवलं की यापुढं अडीच लिटर, बस्स. हवा कोंबायचा पंखा लावलात तर त्याहून कितीतरी कमी. यावरून तिकडं इटली-इंग्लंडात रणं माजली म्हणे. कुणी म्हणतं लहान इंजिनात डोकं लागतं, कुणी म्हणतं मोठं इंजिन काढलंत तर शर्यतीत राहिलं काय? तिकडचं तिकडं राहिलं असतं तर ठीक होतं. पण मुंबईचा एक मोटार क्लब दर हिवाळ्यात अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या माळावर, लढाईतल्या जुन्या विमानपट्टीवर शर्यत घेतो, आणि त्या शर्यतीचा वरचा वर्ग पॅरिसच्या नियमानं चालतो. दत्तूचा जिवलग मित्र हासानंद याची गाडी त्या वर्गात धावते. तिचं इंजिन अमेरिकन लष्करी ट्रकचं, चार लिटरचं. नवा नियम इथं लागू झाला की ती गाडी कायमची घरी बसणार. क्लबाच्या सभासदांनी यावर मतं द्यायची होती, आणि दत्तू नि हासानंद दोघंही सभासद.

उल्हासनगर

दत्तूची कारखान्यातली पाळी संध्याकाळपर्यंत होती, म्हणून त्यानं मला आधी हासानंदकडं उतरायला सांगितलं होतं. कल्याणला टांगा केला. टांगेवाल्याला म्हटलं, कॅम्प तीन. तो म्हणाला, "बाई, बराक सांगा, तिथं सगळं सारखंच दिसतंय." आणि खरंच सारखं होतं. लढाईत सोल्जरांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, आणि एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून निर्वासितांची दहा-दहा बिऱ्हाडं. पण दाराशी बघावं तर प्रत्येकाचं काहीतरी चाललेलं. कुणी पापड लाटतंय, कुणी शिवणयंत्र चालवतंय, कुणी बिस्किटं भाजतंय. रिकामा बसलेला माणूस मला अख्ख्या रस्त्यात दिसला नाही. आमच्याकडं दुपारी दोन वाजता जाऊन बघा, सगळा गाव घोरत असतो.

हासानंद बराकीपुढच्या पत्र्याच्या छपरात एका जीपखाली होता. पाय तेवढे बाहेर. मी म्हटलं, "हासूभाऊ, मी दत्तूची आक्का." पाय थबकले आणि खालून आवाज आला, "अदी! एक मिनिट, नाहीतर ऑईल तोंडावर पडेल." अदी म्हणजे ताई. बाहेर आला तो तीस-बत्तीसचा, उंच, मिशा तेलानं माखलेल्या, आणि हसला की सगळे दात दिसतात. तिकडं सिंधमध्ये सक्करला त्याच्या वडलांचं मोटारींचं दुकान होतं. त्याला मराठी दत्तूनं शिकवली, म्हणून बोलण्याआधी त्याला शिव्या यायला लागल्या, असं त्यानंच सांगितलं.

त्याच्या आईनं, अम्मांनी, "भली करे आया" म्हणत मला खाटेवर बसवलं आणि पाण्याच्या पेल्याबरोबर एक भाजलेला पापड पुढं ठेवला. आमच्याकडं आल्यागेल्याला गूळ-पाणी. मला वाटलं पापड जेवणातला असणार. म्हणून पाणी प्यायले आणि पापड सभ्यपणानं बाजूला सारला. अम्मां उभ्याच. मी त्यांच्याकडं बघून हसले, त्या माझ्याकडं बघून हसल्या, पण हलेनात. शेवटी हासानंद म्हणाला, "अदी, पापड खाल्ल्याशिवाय ती बसणार नाही. सकाळपासून गुडघे दुखतायत तिचे." मी घाईघाईनं पापड तोंडात कोंबला तेव्हा कुठं बिचारी टेकली.

मग त्यानं छपराच्या मागच्या बाजूचं मेणकापड ओढलं आणि मला गाडी दाखवली. तिचं नाव लाडी. लाडी म्हणजे नवरी. जीपची चौकट, तिच्यावर ट्रकचं इंजिन, अंगावर ठोकून काढलेला पत्रा आणि त्याला अम्मांच्या जुन्या ओढणीसारखा हिरवा रंग. एका जागी तर बराकीच्या छपराचाच तुकडा होता. बाई, तिला सुंदर म्हणायचं धाडस कुणी करणार नाही. पण त्यानं ती चालू केली मात्र, माझ्या छातीत धडधडलं. काय तो आवाज! अंगणातली भांडी वाजायला लागली, शेजारचं पोर रडायला लागलं आणि शेजारीण सिंधीतून जे काही बोलली ते भाषांतराशिवाय कळलं. मी म्हटलं, "हासूभाऊ, शेवटची नळी जरा अडखळतेय." त्यानं इंजिन बंद केलं, माझ्याकडं बघितलं आणि आत वळून ओरडला, "अम्मां, अदीसाठी भात जास्त टाक!"

जेवायला सिंधी कढी होती. ताक नाही, बेसन खरपूस भाजून चिंच घातलेली, आणि तिच्यात भेंडी, बटाटे, शेंगा, असेल नसेल ते सगळं. पहिला घास घेतला आणि आमच्या ताकाच्या कढीबद्दल मला थोडी लाजच वाटली. जेवता जेवता मी नियमाचा विषय काढला. हासानंदचा हात ताटातच थांबला.

"अदी, तुम्ही सांगा, हे पॅरिसवाले कोण? ते आले कधी इथं? त्यांनी लाडी बघितली? मी चार वर्षं एकेक बोल्ट भंगारातून वेचला. आता ते म्हणणार, अडीच. का अडीच?"

"उंटावरून शेळ्या हाकणारे सगळीकडं असतात रे," मी म्हटलं.

"आणि आपले लोक त्या उंटाला चारा घालतात." त्याचा आवाज एवढा चढला की अम्मांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एका इंजिनासाठी एवढा संताप मला जरा जास्तच वाटला. पण पाहुणी होते, म्हणून गप्प बसून आणखी भात घेतला.

अंबरनाथ

दत्तूच्या खोलीवर गेले आणि आधी केर काढला. स्वयंपाकघरात नट आवळायचे तीन पाने, दोन स्पार्कप्लग आणि एक कांदा होता. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी, म्हणून सकाळी मला देवळाला घेऊन गेला. अंबरनाथचं शंकराचं देऊळ नुसतं ऐकलं होतं. काळ्या दगडात इंचभर जागा मोकळी सोडलेली नाही. गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या. खाली गार अंधार आणि वरून उजेडाचा तुकडा पिंडीवर पडलेला. आमच्याकडं देव डोंगरावर, दर्शनाला धाप लागते; इथं देव जमिनीच्या पोटात. मला आवडलं. म्हातारपणी गुडघ्यांना बरं, असं मी म्हटलं तर दत्तू हसलासुद्धा नाही.

बाहेर ओढ्याकाठी बसलो तेव्हा म्हटलं, "काय झालंय? तोंड का पाडलंयस?"

"आक्का, मी अडीच लिटरच्या बाजूनं मत देणार आहे."

मी तर उडालेच. "मेल्या! ज्याच्या घरी तू रोज जेवतोस, त्याचीच गाडी बंद पाडणार?"

"रोज नाही, एक दिवसाआड," तो म्हणाला. मग खाली बघत बोलायला लागला. "लाडी पळते ट्रकच्या ताकदीनं आणि थांबते जीपच्या ब्रेकांवर. गेल्या साली पट्टीच्या टोकाला चिखल होता म्हणून वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच खाली बसलो, पायात जीव नव्हता. लहान इंजिन बसवलं तर तीच चौकट, तेच ब्रेक पुरतील. मी सगळं बघून ठेवलंय. पण तो ऐकेल तर ना."

"मग असंच सांग की त्याला! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?"

"सांगितलं. तो म्हणतो, तू कारखान्यातला माणूस, साहेब म्हणेल ते तुझं खरं."

"ब्रेकांचं सांगितलंस. तुझ्या पायातला जीव गेला ते सांगितलंस का?"

दत्तूनं एक खडा उचलून ओढ्यात टाकला. आमच्या घरातले पुरुष सगळे असेच. वडील मोटारीसकट दरीत जाता जाता वाचून आले त्या रात्री आईनं विचारलं, काय झालं, तर म्हणाले, काही नाही, जरा उशीर झाला. मला इतका राग आला, आणि त्याची इतकी मायाही आली, की मी त्याला प्रसादाचा अख्खा नारळ खायला लावला.

बदलापूर

त्या दुपारी हासानंदला ब्रेकाला आतून लावायचं कातडं हवं होतं आणि ते बदलापूरला एका माणसाकडं होतं. तिघं जीपमधून निघालो. दोघांना शेजारी बसवलं तर भांडतील म्हणून मीच हाकायला बसले. रस्त्यात दोन बैलगाड्या उभ्या राहिल्या आणि गाडीवान बाईच्या हातातलं चाक बघत बसले. एकाचे बैल तेवढ्यात शेजारच्या कुंपणातल्या वालाच्या वेलीला लागले. मालकीण काठी घेऊन धावत आली, पण ती आमच्याकडं का त्याच्याकडं हे बघायला आम्ही थांबलो नाही.

गाव साधं, कौलारू, चहूकडं भातखाचरं आणि पलीकडं उल्हास नदी. कातडं मिळालं, मग चहाला थांबलो. हॉटेल म्हणजे दोन बाकडी आणि एक मालक. मालक पन्नाशीचा, बनियनवर, आणि गिऱ्हाइकाच्या प्रत्येक बोलण्यात आपलं बोलणं घालणारा. त्यानंच सांगितलं की पूर्वी मराठी फौजा इथं थकलेले घोडे बदलून घ्यायच्या, त्यावरून गावाचं नाव पडलं.

दत्तूनं चहाचा घोट घेतला आणि न बघता म्हणाला, "मग आपणही इथं इंजिन बदलावं."

"घोडा थकला तर बदलतात," हासानंद म्हणाला. "माझा घोडा थकलेला नाही."

"थकण्याचा प्रश्न नाही. लहान इंजिनातून जास्त काढणं, यातच खरी कारागिरी आहे. जगभर हेच म्हणतायत."

"जगभर म्हणजे कोण? ज्यांच्याकडं मोठे कारखाने आहेत ते. नवं लहान इंजिन ते नवीन बनवतील. मी कुठून आणू? भंगारात मोठंच मिळतं!"

मालकानं मध्येच तोंड घातलं. "मी काय म्हणतो, घागर लहान घेतली म्हणून पाणी कमी पितो का माणूस? दोन खेपा जास्त मारतो."

"बघा!" दोघं एकदमच ओरडले. दोघांनाही वाटलं मालक आपल्याच बाजूनं बोलला. मग मालकालाच प्रश्न पडला की आपण कुणाच्या बाजूनं बोललो, आणि त्या गडबडीत भजी करपली. करपली तरी गरम होती, मी खाल्ली.

पण हसण्यावारी नेऊन ते मिटलं नाही. उठताना हासानंद दत्तूला शांतपणे म्हणाला, "उद्या शर्यतीआधीची चाचणी झाल्यावर मतं घेतायत. तू कुठं हात वर करणार?" दत्तू चहाचे पैसे मोजत राहिला. "कळलं," हासानंद म्हणाला आणि मागं जाऊन बसला. परतीच्या रस्त्यावर पंक्चर झालं. एरवी दोघांनी चार विनोद करत चाक बदललं असतं. त्या दिवशी एकानं जॅक लावला, दुसऱ्यानं नट सोडवले, आणि एक अक्षर नाही. मला दोघांच्याही पाठीत धपाटा घालावासा वाटत होता.

माळावर

चाचणी सकाळी होती. लाडीला जीपमागं बांधून माळावर पोहोचलो. मलंगगड धुक्यातून नुकता वर निघत होता. मुंबईची मंडळी आधीच आलेली. क्लबाचे अध्यक्ष एक वयस्कर पारशी गृहस्थ, सगळे त्यांना बावाजी म्हणत. डोक्यावर हॅट, हातात छत्री. आणि सगळे पट्टीकडं बघत डोकं खाजवत उभे होते.

पट्टीच्या निम्म्यावर भात होतं. पेंढ्यांच्या गंजी, आडवी टाकलेली डांबराची लष्करी पिंपं, त्यांवर बाया-माणसं धाड धाड भात झोडताहेत, आणि मधोमध स्वच्छ सारवलेल्या तुकड्यावर झोडलेल्या भाताची सोनेरी रास. मला तर ते बघून बरं वाटलं. गेली काही वर्षं ही सिमेंटची पट्टी म्हणजे गावाचं खळं झालं होतं. दर साली शर्यतीआधी भात उचललेलं असायचं. यंदा पाऊस लांबला, भात उशिरा पिकलं. मुंबईकरांनी मात्र कॅलेंडर बघून तारीख ठरवली. भाताला विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

बाळाराम पाटील म्हणून म्हातारा शेतकरी पुढं आला. एक तरुण सभासद त्याला म्हणाला, "पाटील, आमची पंधरा माणसं लावतो, रास बाजूला करून देतो."

"रास घातली का माप होईपरत हालवाची नाय," पाटील म्हणाला. "माप उंद्या. माजी पोर सासरशी यल, ती पुजल, मंग माप. आनि त्या सपाता काढा, खल्यावर हाव तुमी."

तो सभासद बुटांसकट टुणकन मागं सरला. बावाजींनी हॅट काढून विचारलं, काही करता येईल का?

पाटील हसला. "ही जमीन, ह्यो माल आमचाच व्हता. लढाईत गोऱ्यांनी घेतला, सिमिट वतला. तवा आमाना कोनी इचारला नाय. आता तुमी तारीख धरली, तवाबी कोनी इचारला नाय. येक रास हाय माजी, ती उंद्याच हालल."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो सरळ वळला आणि आपल्या कामाला लागला. हासानंद मात्र तिथंच उभा राहून त्याच्याकडं बराच वेळ बघत होता.

ठरलं असं की शर्यत पुढं ढकलायची, पण चाचणी आणि मतदान आजच, उरलेल्या निम्म्या पट्टीवर. आधी मुंबईच्या एका सभासदाची लहान इंग्रजी गाडी धावली. सुईईई करत गेली आणि भातापासून भरपूर अलीकडं शहाण्यासारखी थांबली. लोकांनी माना डोलावल्या. मग हासानंद लाडीत बसला.

दत्तू धावत गेला आणि त्यानं पत्र्यावर हात ठेवला. "नको. निम्मी पट्टी तुला पुरणार नाही."

"नाही पळालो तर न बघताच मत देतील. बाजूला हो."

"हासू, ऐक."

"तुझा हात माझ्या गाडीवर नको, दत्तू. तो तुला नंतर वर करायचाय."

दत्तूनं हात काढला. लाडी सुटली. देवा रे, काय सुटली ती! माझ्या पायाखालचं सिमेंट हादरलं. मी अभिमानानं ओरडलेसुद्धा. आणि पुढच्याच क्षणी ब्रेक लागल्याचा आवाज आला, पण गाडीचा वेग उतरेना. समोर रास. राशीमागं पाटलीणबाई सूप हातात धरून उभी, जागची हललीच नाही.

त्यानं चाक डावीकडं फिरवलं. लाडी पट्टीवरून उडाली, बांधावर आपटली, पुढचा कणा कडकन मोडला आणि ती कापलेल्या भाताच्या धसकटांत तिरकी होऊन पडली. इंजिन गुरगुरलं आणि बंद झालं.

आम्ही सगळे धावलो. दत्तू सगळ्यात पुढं. हासानंद स्वतःच बाहेर आला होता, ओठ फाटलेला, डोळे भांबावलेले. तो पाटलांकडं निघाला. खळ्याच्या कडेला पोहोचला, थांबला, खाली वाकून बूट काढले, अनवाणी पायांनी राशीपाशी गेला आणि तिला हात लावून तो कपाळाला लावला. का केलं असं, मी नंतर विचारलं. म्हणाला, "अदी, सकाळी येणारा प्रत्येक माणूस तसं करत होता."

पाटलीणबाईनं कमरेच्या बटव्यातून हळद काढून त्याच्या ओठावर दाबली. "येडा का रं तू? लागला नाय ना दुसरा कुठं?" पाटील एवढंच म्हणाला, "गारी मोरली तुजी. उंद्या मापाला यवाचा, काय? खल्यावर आलेला मानूस मोकल्या हाती जात नाय."

तोवर दत्तू पोहोचला. त्यानं हासानंदचे दोन्ही दंड धरून त्याला गदागदा हलवलं. "मरायचं होतं तुला? अम्मांना मी काय सांगणार होतो? गेल्या सालीही मी इथंच खाली बसलो होतो, ठाऊक आहे तुला? पाय चालत नव्हते माझे! मला पॅरिस नको, साहेब नको, कुणी नको. मला तू जिवंत हवास, गाढवा!" सगळ्या क्लबासमोर, गावासमोर, तो हमसाहमशी रडत होता. मला वाटलं, बरं झालं बाई, एकदाचं सांगितलं त्यानं.

हासानंदनं बूट उचलले आणि हातातच धरले.

सभा तिथंच आंब्याखाली बसली. पाटलांकडून गुळाचा चहा आला, तो सगळ्यांनी बशीतून प्याला. चर्चा झालीच, पाहिलं ते पुरेसं नव्हतं की काय! एक म्हणाला, मोठं इंजिन म्हणजे मृत्यू. दुसरा म्हणाला, दोष ब्रेकांचा, इंजिनाचा नव्हे. तिसरा म्हणाला, मोठी इंजिनं गेली की बघायला कुत्रंही येणार नाही. शेवटी बावाजींनी छत्री आपटली आणि नव्या नियमाच्या बाजूचे हात वर करायला सांगितलं.

दत्तूनं हासानंदकडं बघत हात वर केला. बावाजींनी मोजलं. निम्मे वर, निम्मे खाली. खालच्यांत हासानंदला धरलं नव्हतं. तो झाडाला टेकून बसला होता, मांडीवर हात ठेवून.

"अध्यक्षांनी आपलं मत टाकावं आणि संपवावं," कुणीतरी म्हणालं.

"नाय," बावाजी म्हणाले. "हासानंदचा मत राहिला. डिकरा, गाडी तुजी जाते. तू बोलल्याबिगर मी काय पन नाय करनार. बोल, तुजा काय म्हननं?"

हासानंद उठला. हळदीनं अर्धी मिशी पिवळी झाली होती.

"बावाजी, नियमात काय लिहिणार? पॅरिसनं सांगितलं म्हणून?"

"तसाच लिहितात."

"तसं नका लिहू." तो हळू बोलायला लागला, आणि नेहमीचं हसू तोंडावर नव्हतं. "सक्करला आमचं घर होतं. फाळणीची लकीर कुठून जाणार, माझ्या बापाला कुणी विचारलं नाही. मला नाही, गल्लीत कुणालाच नाही. लांब कुणीतरी बसून मारली, आणि एक दिवस आम्ही परके. म्हणून ह्या पॅरिसवाल्यांचं ऐकून माझं डोकं फिरत होतं. लाडी जाणार त्याचं दुःख आहे, पण राग त्याचा नव्हता." त्यानं पाटलांकडं पाहिलं. "आज पहिल्यांदा कुणीतरी थांबलं आणि म्हणालं, हासानंद, तुझं काय म्हणणं? विचारलंत, तर खरं सांगतो. लाडी थांबत नाही. दत्तू बरोबर बोलला. लिहा, की इथं माळावर बसून आपण ठरवलं."

आणि त्यानं हात वर केला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लहानपणी हाताची बोटं मोटारीत चेंगरली तेव्हासुद्धा मी रडले नव्हते. तिथं मी पदरात तोंड घालून रडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. दत्तूचा मघाचा हात अजून वरच होता. दोघं एकमेकांकडं बघत होते.

"झाला," बावाजी म्हणाले. "हात खाली करा आता."

दोघांपैकी एकानंही केला नाही.